पुण्याहून स्वतःच्या गाडीने सहकुटुंब नेपाळ: कागद, घाट आणि दिवसांचं गणित

तुम्ही विचारलंय की आई-वडील आणि दोन मुलं घेऊन पुण्याहून स्वतःच्या गाडीने पोखरा-काठमांडूला जाता येईल का, आणि दहा दिवस पुरतील का. जाता येतं. दहा दिवस मात्र कमी पडतील, चौदा धरा. नुसत्या जाण्यायेण्यातच सात-आठ दिवस जातात.

ओळखपत्रांपासून सुरुवात करतो, कारण जास्तीत जास्त घोळ तिथेच होतो. १५ ते ६५ वयोगटातल्या प्रत्येकाकडे पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. या वयात आधार चालत नाही. १५ वर्षांखालची मुलं आणि ६५च्या पुढचे आजी-आजोबा यांना आधार चालतं. भारतीयांना व्हिसा लागत नाही. गाडीसाठी मूळ आरसी, लायसन्स, विमा आणि पीयूसी, शिवाय सगळ्याच्या तीन-चार झेरॉक्स. भारतीय लायसन्स तिथे चालतं. गाडी वडिलांच्या किंवा कंपनीच्या नावावर असेल आणि ते सोबत नसतील, तर नोटरी केलेलं संमतीपत्र न्या.

विम्याकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. आपल्या पॉलिसीची हद्द भारतापुरती असते. थोडा जादा हप्ता भरून नेपाळसाठी भौगोलिक विस्ताराचं एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडलेली पुरवणी, मिळतं. ते निघण्यापूर्वी लेखी घ्या. एजंटने फोनवर ‘चालतं साहेब’ म्हटलं म्हणून भरपाई मिळत नाही.

रस्ता: छत्रपती संभाजीनगरला समृद्धीला लागून नागपूर, पुढे सिवनी, जबलपूर, रीवा, प्रयागराज, गोरखपूर आणि सीमेवरचं सोनौली. सोबत म्हातारी माणसं आणि मुलं आहेत, तेव्हा नागपूर, रीवा आणि गोरखपूर असे तीन मुक्काम करा. समृद्धीवर तासन्‌तास सरळ काँक्रीट असतं. टायर जुने असतील किंवा हवा कमी असेल तर ते तापून फुटतात. हवा टायर थंड असताना, कंपनीने दाराच्या चौकटीवर दिलेल्या आकड्याप्रमाणे भरा आणि स्टेपनीचीही बघा. बाकी या टप्प्यात सांगण्यासारखं फार नाही.

सोनौलीला सकाळी लवकर पोचा. ट्रकची लांबच लांब रांग दिसली की घाबरू नका, ती मालवाहतुकीची असते. सीमेवरची कमान ओलांडली की नेपाळच्या बाजूचं बेलहिया, तिथे भन्सार कार्यालय, म्हणजे कस्टम्स. गाडीचे जितके दिवस सांगाल तितक्या दिवसांचं शुल्क भरून पावती मिळते, आणि यातायातचा (वाहतूक खात्याचा) वेगळा परवाना घ्यावा लागतो. दोन्ही कागद गाडीतच ठेवा, वाटेत पोलीस मागतात. दिवस मोजताना दोन जास्तीचे धरा, कारण मुदत उलटली की दंड बसतो आणि दरड कोसळून एक दिवस सहज जातो. पावतीवरची तारीख विक्रम संवताची असते. आकडे देवनागरी असल्याने आपल्याला वाचता येतात, पण अर्थ लागत नाही. त्यामुळे शेवटचा दिवस इंग्रजी तारखेनुसार कोणता, हे खिडकीवरच विचारून पावतीमागे पेन्सिलने लिहून ठेवा. परत येताना बिहारमधल्या रक्सौलच्या सीमेने बाहेर पडायचं असेल तर तेही तिथेच सांगा. फास्टॅग इथून पुढे निरुपयोगी.

पैशांचं सोपं आहे: १०० भारतीय रुपये म्हणजे १६० नेपाळी, हा दर ठरलेला आहे. दुकानदार भाव सांगेल तेव्हा ‘आयसी की एनसी?’ एवढं विचारा (आयसी म्हणजे आपले, एनसी म्हणजे त्यांचे), नाहीतर नेपाळी भाव भारतीय नोटांत चुकवून बसाल. शंभराच्या आणि त्याखालच्या नोटा न्या. पाचशेची नोट कोणी घेईल यावर विसंबू नका. अनेक दुकानांत आपलं यूपीआय चालतं, पण तिथलं क्यूआर ‘फोनपे’ नावाचं दिसलं तर ती आपली फोनपे नव्हे, वेगळी नेपाळी कंपनी आहे.

आता खरा मुद्दा, घाट. नेपाळमध्ये अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, तासांत मोजा. सीमेजवळचं भैरहवा ते पोखरा हे सिद्धार्थ राजमार्गाने साधारण १८० किलोमीटर, पण बुटवल सोडलं की वळणंच वळणं. सहा ते आठ तास धरा आणि मध्ये पाल्पाला (तानसेनला) मुक्काम करा. गाडी लागणाऱ्या मुलांना निघण्याआधी भरपेट खाऊ घालू नका. गोळी डॉक्टरांना विचारून अर्धा तास आधी द्या, उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नसतो. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये राहा. ब्रेकवर सतत पाय ठेवला तर तो तापतो, जळका वास येतो आणि पेडल मऊ पडतं. तसं झालं तर थांबून अर्धा तास गार होऊ द्या, पाणी ओतू नका. पोखरा-काठमांडू मार्गावर रुंदीकरणाची कामं आणि ट्रकची गर्दी, म्हणून पहाटे निघा. अंधारात घाटात गाडी नको, हा नियम मोडूच नका.

पावसाळ्यात जाऊ नका. १२ जुलै २०२४ला नारायणगढ-मुग्लिन रस्त्यावर सिमलतालजवळ दरड कोसळून दोन बस त्रिशूली नदीत गेल्या. तिथल्या पाट्यांवर ‘पहिरो’ म्हणजे दरड, ‘बाटो’ म्हणजे रस्ता, ‘बिस्तारै’ म्हणजे सावकाश. मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर तिकडे तिहार, म्हणजे त्यांची दिवाळी, असते. हॉटेलं आधी ठरवा.

आई-वडिलांना मुक्तिनाथ मंदिराचं दर्शन करायचंच असेल, तर आपली गाडी पोखऱ्यात ठेवून जीप करा. बेनीच्या पुढे हॅचबॅकचा तळ दगडांना लागतो आणि मुक्तिनाथची उंची ३,७०० मीटरच्या वर आहे. पोखरा जेमतेम ८०० मीटरवर असल्याने एका दिवसात एवढं चढणं म्हाताऱ्यांना सोसत नाही. वाटेत जोमसोमला एक रात्र काढा. काली गंडकीच्या खोऱ्यात दुपारनंतर धुळीचा वारा सुटतो, तेव्हा दर्शन सकाळी.

बाहेर पडताना भन्सारची पावती सीमेवर जमा करून निघा. ती खिशात ठेवून निघालात, तर गाडी तिथेच राहिल्याची नोंद राहते आणि पुढच्या खेपेला खिडकीवर अडवतात.