पाच सुया

प्रिय मित्रा,

आईला गमावण्याच्या भीतीवरची तुझी कविता मिळाली. दोनदा वाचली, एकदा मनात आणि एकदा मोठ्याने. मोठ्याने वाचताना चौथ्या ओळीला अडखळलो, कारण तिथे तू आईला मारून टाकलं आहेस.

रागावू नकोस, तुझी क्रियापदं बघ. पहिल्या तीन ओळींत आई 'बसते', 'विचारते', 'बोलावते'. चौथीपासून ती 'म्हणायची', 'वाट बघायची', 'होती'. बार्शीला ती बाई आत्ता या घडीला मेथी निवडत बसली असेल, आणि तू पुण्यात बसून तिला भूतकाळात नेऊन ठेवलंस! अरे, भीती वाटते ती माणूस समोर आहे म्हणून. गेल्यावर उरतं ते दुःख, आणि त्याची कविता निराळी. तू भीतीची लिहायला बसलास आणि कागदावर उतरली दुःखाची, आणि ते दुःखही उसनं.

उसनं म्हणतो ते तुझ्या चालीमुळे. 'प्रेमस्वरूप आई' आणि 'आई म्हणोनि कोणी' एकापाठोपाठ म्हणून बघ. पहिली माधव ज्यूलियनांची, दुसरी यशवंतांची. पण वृत्त एकच, आनंदकंद. गागालगालगागा. एकीच्या चालीवर दुसरी बिनधोक म्हणता येते. आणि दोन्ही आई गेल्यानंतरच्या कविता आहेत. शाळेपासून ही चाल आपल्या कानात इतकी मुरली आहे की 'आई' हा शब्द लिहिला की पेन आपसूक त्या ठेक्यात चालायला लागतं, आणि ठेक्याबरोबर पोरकेपणही येतं. तुझ्या चौथ्या ओळीपासून नेमकं तेच झालंय; बोटांवर मात्रा मोज, कळेल. त्यात 'आई'ला यमकं तरी कोणती सापडतात? काही, पायी, ठायी, नाही. तुझ्या चोवीस ओळींत 'नाही' सहा वेळा आलं आहे. त्यातली निदान चार यमकाने आणलेली आहेत, भीतीने नव्हे.

त्या दोघांचं दुःख त्यांचं होतं, म्हणून ती चाल त्यांना शोभली. घोटून, बसून गेलेल्या दुःखाला असा घट्ट ठेका चालतो. भीती बसत नाही रे. रात्री अकराला घरून फोन आला की उचलेपर्यंतच्या त्या दोन रिंगांत जी असते ना, तिला कुठलं वृत्त लावणार? मोकळं लिही. ओळ मध्येच तुटली तर तुटू दे.

हे मी मोठ्या शहाणपणाने सांगत नाहीये. एकतीस वर्षांचा असताना मीही हेच केलं. आई न्हाणीघरात पडली, पायाचं हाड मोडलं, महिनाभर अंथरुणावर होती. मी घाबरलो आणि छत्तीस ओळींची कविता लिहिली. एका दिवाळी अंकात छापूनही आली. मोठ्या हौसेने तिला वाचून दाखवली. ती पलंगावर बसून सुपारी कातरत होती. शेवटपर्यंत ऐकलं, अडकित्ता खाली ठेवला आणि म्हणाली, "चांगली आहे. पण ह्यात मी गेले कधी?"

मी म्हटलं, "तसं नाही गं, भीती वाटते म्हणून लिहिलं."

"मग भीती वाटते असं लिही की. आणि ऊठ, सिलिंडर संपलाय, दुसरा लावून दे."

त्यानंतर ती एकोणीस वर्षं जगली. ती कविता मी एकाही संग्रहात घेतली नाही.

आता तुझ्या तिसऱ्या ओळीकडे येतो. 'आई आता सुईत दोरा ओवायला मला बोलावते.' बस, हीच कविता आहे. मागे फोनवर तू सांगितलं होतंस: दर दुसऱ्या शनिवारी घरी जातोस, आणि रविवारी निघताना, पायात चप्पल घातलेली असताना, आई पाच सुया पुढे करते. तू त्या ओवून देतोस, ती भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कडेला टोचून ठेवते. पुढच्या खेपेपर्यंत पुरवायच्या. शेजारच्या मुलीला हाक मारली तर ती धावत येईल, पण आई मारणार नाही. हे सगळं तू मला पाच मिनिटांत बोलून गेलास आणि कवितेत त्याच्या जागी 'काळाचा क्रूर पंजा' आणलास. असला पंजा त्या घरात मला तरी कुठे दिसला नाही. सुया दिसल्या.

आणखी एक काम कर, कवितेसाठी नाही तर असंच. एक वही घे आणि आई बोलते ते जसंच्या तसं उतरवत जा. तिच्या बोलीत, तू 'आहे' म्हणतोस तिथे ती 'हाय' म्हणत असेल तर 'हाय'च लिही. सोपानदेव चौधरी स्वतः कवी होते, तरी आपल्या निरक्षर आईची गाणी त्यांनी आणि त्यांच्या मावसभावाने कागदावर उतरवून घेतली. बहिणाबाई 1951 साली गेल्या, गाणी पुस्तकरूपाने आली 1952 मध्ये. ती टिपून ठेवलेली नसती तर त्यांच्याबरोबरच गेली असती. तुझी आई गाणी रचत नसेल. न रचू दे. ती दूधवाल्याशी कशी भांडते, तेवढं लिहिलंस तरी पुष्कळ.

नवा खर्डा घाईने पाठवू नकोस. या शनिवारी जाशील तेव्हा आधी कॅलेंडरजवळ जा आणि बघ, पाचांपैकी किती सुया रिकाम्या झाल्यात. मला कळव. दोऱ्यांचे रंगही कळव.

तुझा,
सर