नाटक बंद करू नकोस

डोंबिवली (पूर्व),
रविवार दुपार

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री पावणेबाराला तुझा मेसेज आला. बँकेच्या स्टेटमेंटचे चार फोटो आणि खाली एक ओळ : "मावशी, पगार जातो कुठे? नाटक, बाहेरचं खाणं बंद करू का?" त्या वेळी चष्मा शोधून उत्तर टाइप करणं मला काही जमलं नाही. शिवाय जे सांगायचंय ते व्हॉट्सॲपवर मावणारं नाही, म्हणून कागद घेतला. एकतीस वर्षं अकाउंट्समध्ये काढलेल्या बाईला स्टेटमेंट दाखवलंस, तर ती पेन्सिल घेऊन टिका मारत बसणारच. शेजारच्या मुलाकडून प्रिंट काढून आणली आणि कालची अख्खी दुपार त्यात घालवली. मजा आली, खोटं कशाला बोलू.

हातात येतात ३८,०००. त्यातले घरभाड्याचा तुझा वाटा आणि मेंटेनन्स मिळून १४,०००. फोनचा हप्ता ४,१५०. जिमची वर्षाची फी हप्त्यांत फिरवून घेतली आहेस, तिचे १,५००. तीन ओटीटी आणि एक गाण्यांचं ॲप, ८५०. क्रेडिट कार्डाला 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली किमान भरायची रक्कम, म्हणून २,०००. बेरीज २२,५००. मग रिक्षा आणि कॅब ४,६००, डबा आणि किराणा ६,०००. आणि ज्यावर तुला गुन्हेगारासारखं वाटतंय ते नाटक, सिनेमा, मैत्रिणींबरोबरचं खाणं सगळं मिळून ३,१००. उरलेल्या १,८०० चं काय झालं ते मी विचारणार नाही. तुझ्या वयात तेवढं बेहिशेबी असावं.

आता बघ, मी दोन रकाने केले, बांधील आणि सुटा. बांधील म्हणजे तू आजारी पडलीस, नोकरी गेली, साहेबाशी भांडण झालं, तरी ठरल्या तारखेला जाणारच असा खर्च. तुझ्या शंभर रुपयांतले ५९ पगार यायच्या आधीच गेलेले असतात. नाटकाचे पैसे सुट्या रकान्यात आहेत. एखाद्या महिन्यात नाही जमलं तर नाही गेलीस, कुणी वसुलीचा फोन करत नाही. तू मात्र कात्री लावायला निघालीस ती नेमकी तिथेच. मोठी माणसंही हेच सांगतात, बाहेरची कॉफी सोड, सिनेमे सोड. मला ते कधी पटलं नाही. मिरजेहून एकटी आलेली मुलगी शनिवार-रविवार खोलीत फोन बघत बसली, तर त्या फोनवरूनच काय काय मागवते ते तुझ्या स्टेटमेंटात दिसतंच आहे. ज्या दोन रविवारी तू नाटकाला गेलीस, त्या दिवशी दहा मिनिटांत घरपोच आणून देणाऱ्या ॲपची एकही नोंद नाही. बाकीच्या दोन रविवारी मिळून सात आहेत. मी मोजल्या.

बांधील रकान्याबद्दल मी एवढी का बोलते, ते सांगते. १९९५ ला आम्ही हे घर घेतलं तेव्हा गृहकर्जाचा दर पंधरा टक्क्यांच्या वर होता. ते ठीक, घर हवंच होतं. पण घर नवीन म्हणून त्याच वर्षी फ्रिज हप्त्याने घेतला, तुझ्या काकांची स्कूटर हप्त्याने घेतली, सोफाही घेतला, ज्यावर आमच्याकडे आजतागायत कुणी नीट बसलेलं नाही, सगळे गादीवरच लोळतात. पुढच्याच वर्षी ऑफिसात नवा साहेब आला. बायकांनी पाच वाजता पर्स उचलली की मोठ्याने घड्याळाकडे बघणारा. मला पुण्याहून एक बरी नोकरी सांगून आली होती. पहिले सहा महिने पगार थोडा कमी, मग वाढणार. मी वहीत हिशेब केला, परत केला, आणि गेले नाही, कारण दर महिन्याच्या ५ तारखेला चार ठिकाणी पैसे द्यायचे होते. त्या माणसाच्या हाताखाली मी अकरा वर्षं काढली. घर घेतल्याचं वाईट कधीच वाटलं नाही. सोफ्याचं वाटतं.

म्हणून तुझ्या स्टेटमेंटात पहिली लाल टीक क्रेडिट कार्डावर पडली. डिपॉझिट, गादी आणि वॉशिंग मशीनमधला वाटा भरताना ४०,००० कार्डावर चढले आणि तेव्हापासून तू महिन्याला २,००० भरून 'आपण वेळेवर भरतोय' अशा समाधानात आहेस. तुझ्या कार्डाचा दर महिन्याला साडेतीन टक्के आहे, बिलाच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात छापलाय. ४०,००० वर एका महिन्याचं व्याज १,४००. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २५२. तू दिलेल्या २,००० मधले १,६५२ तिथेच संपले, मुद्दल फिटलं ३४८ रुपये. आणि जुनी बाकी राहिली की नव्या खरेदीला ते पन्नास दिवस बिनव्याजी वगैरे काही मिळत नाही, घेतल्या दिवसापासून व्याज सुरू. वर्षाला बेचाळीस टक्के. आमच्या लहानपणी गावातला सावकार असा दर सांगायला जरा तरी लाजला असता.

आणि त्याच स्टेटमेंटाच्या चौथ्या फोटोत काय आहे? बाबांनी तुझ्या नावाने केलेली ५०,००० ची एफडी, सात टक्क्यांची! एका हाताने सातने देतेस आणि दुसऱ्या हाताने बेचाळीसने घेतेस. उद्या ती एफडी मोड आणि कार्ड पूर्ण भर. मला ठाऊक आहे, आपल्याकडे मुदतठेव मोडणं म्हणजे देवातला नारळ फोडून खाण्यासारखं वाटतं. मुदतीआधी मोडली म्हणून बँक व्याजातला अर्धा-एक टक्का कापेल, कापू दे. उरतील त्या दहा हजारांत दर महिन्याला २,००० घालत जा, जे आत्ता कार्डाला देतेस तेच. तीन महिन्यांचा खर्च निघेल एवढी रक्कम वेगळ्या खात्यात जमेपर्यंत बाकी कुठल्याही गुंतवणुकीचं नाव काढू नकोस. त्या खात्याला यूपीआय जोडायचं नाही.

फोनचा हप्ता अजून सहा महिने आहे, तो आता फेडायलाच हवा. फक्त 'नो कॉस्ट' या शब्दावर पुढच्या वेळी भाळू नकोस. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं. आता काय करतात, रोख घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती ती व्याजाच्या जागी वळवतात. त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तू वर भरतेस. तुझ्या बिलावर दोन्ही आहेत, बघ.

आता भाडं. घोडबंदर रोडवरच्या बाविसाव्या मजल्यावर राहतेस, खाली स्विमिंग पूल आहे. त्यात आजवर किती वेळा उतरलीस? तुझं ऑफिस ऐरोलीला. ठाणे स्टेशनावरून ट्रान्स-हार्बरने दहा-बारा मिनिटांचा प्रवास, पण त्या स्टेशनापर्यंत पोचायला तुला पाऊण तास आणि दीडशे रुपये लागतात. भाडं स्वस्त म्हणून तू तिकडे गेलीस आणि वाचलेले पैसे रिक्षावाल्याला देतेस. ॲग्रीमेंट संपलं की चरईत, नौपाड्यात किंवा सरळ ऐरोलीत स्टेशनपासून चालत जाता येईल अशी जुन्या इमारतीतली जागा बघ. दोन हजार जास्त पडले तरी रिक्षाचे चार वाचतील आणि रोजचा तासभर तुझा तुला परत मिळेल. लिफ्ट कधीकधी बंद पडेल. पडू दे, जिमचे पैसे वसूल.

तुमचे मालक म्हणतात अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, नोटरी पुरते. हे महाराष्ट्रात चालत नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात कलम ५५ आहे. लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे तुमच्यासारखा भाड्याने राहण्याचा करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. लेखी नोंदवलेला करार नसेल, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, जोवर मालक उलट सिद्ध करत नाही. हे मालकाला तोंडावर ऐकवायची गरज नाही, ठाऊक असलं की आपलाच आवाज बदलतो. ऑनलाइन नोंदणी होते. डिपॉझिटचा आकडा करारात पूर्ण लिहिलाय ना, तेवढं मात्र डोळ्यांत तेल घालून बघ. तू आणि रूममेट, दोघींनी दिले नव्वद हजार आणि कागदावर पन्नास, असं झालं तर घर सोडताना रडायची वेळ येते.

मिरजेच्या काकांनी तुला पॉलिसीचा फॉर्म पाठवलाय, "टॅक्स वाचेल" म्हणून. त्यांना प्रेमाने नाही म्हण. नव्या कर-पद्धतीत विम्याच्या हप्त्यावर मिळायची ती ८०सी ची वजावटच नाही, आणि तुझ्या पगारावर या वर्षी मुळात करच पडत नाही. पगारदाराला वर्षाला पावणेतेरा लाखांपर्यंत पडत नाही. मग वाचवायचं काय? तुझ्यावर आज कुणी अवलंबून नाही, म्हणून जीवन विम्याची घाई नको. उद्या बाबा निवृत्त झाले की साधी टर्म पॉलिसी घे, जिच्यात पैसे परत मिळत नाहीत ती. आरोग्य विमा मात्र स्वतःच्या नावाचा हवा, ऑफिसचा विमा नोकरीबरोबर जातो. आणि काकांनी भीड घालून सही घेतलीच, तर पॉलिसी हातात आल्यापासून तीस दिवसांत परत करता येते.

तुझ्या रूममेटचा तो मित्र, जो मोबाइलवर शेअर बाजारातल्या ऑप्शन्सच्या सौद्यांचे नफ्याचे हिरवे आकडे दाखवतो, त्याला एकदा तोट्याचे लाल आकडेही दाखवायला सांग. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२४ मध्ये तीन वर्षांचा हिशेब काढला होता. फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या शंभरातल्या ९३ सामान्य माणसांचं नुकसान झालं होतं. यावर मी जास्त लिहीत नाही.

पीएफ नोकरी बदलताना काढायचा नाही, नव्या कंपनीत त्याच यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरावर, वळवून घ्यायचा. तीन महिन्यांची गंगाजळी झाली की इंडेक्स फंडात, म्हणजे बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे चालणाऱ्या म्युच्युअल फंडात, महिन्याला हजाराची एसआयपी चालू कर. ते कसं करायचं ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

आता मौजेकडे येते. माझ्या नोकरीच्या काळात ७:४८ च्या लोकलच्या लेडीज डब्यात आमची बारा जणींची भिशी होती, महिन्याला पाचशे. घर सावरण्यासाठी वगैरे ती मुळीच नव्हती. चिठ्ठी जिची निघेल तिने त्या पैशांतून स्वतःसाठीच काहीतरी घ्यायचं, असा दंडक होता. एकीने हार्मोनियम घेतलं, एक मनालीला जाऊन आली. मी एका वर्षी डिसेंबरात पुण्याला सवाई गंधर्वला गेले, बहिणीकडे उतरले, तिन्ही रात्री ऐकलं आणि सोमवारी सुजलेल्या डोळ्यांनी त्या साहेबासमोर जाऊन बसले. अकरा वर्षं टिकले ती अशी.

तू ठाण्यात राहून मॉलच्याच भोवती फिरतेस, याचं मला नवल वाटतं. तलावपाळीला गडकरी रंगायतन हे नाट्यगृह आहे, १९७८ पासून. तिथलं बाल्कनीचं तिकीट काढायचं, दुपारचा प्रयोग, मध्यंतरात बटाटावडा. मल्टिप्लेक्समधल्या पॉपकॉर्नच्या पैशांत वडा आणि रिक्षा दोन्ही होतं. मल्टिप्लेक्सला गेलीसच तर पाण्याची बाटली विकत घेऊ नकोस. बाहेरचे पदार्थ अडवण्याचा हक्क थिएटरांना आहे, पण पिण्याचं पाणी फुकट द्यायला हवं, असं सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये सांगितलंय. मराठी ग्रंथसंग्रहालय ठाण्यात १८९३ पासून आहे, त्याची वर्गणी भर, आणि तीनपैकी दोन ओटीटी बंद कर. पुढची मालिका आली की तेव्हा एक महिना घे, बघून संपव, परत बंद कर. सकाळी लवकर उठलीस तर येऊरच्या जंगलात जा, येताना मामलेदारची मिसळ खा. फेब्रुवारीत मुंबईत काळा घोडा कला महोत्सवाला मी येईन तुझ्याबरोबर, तिथे आत जायला पैसे पडत नाहीत. विकत घ्यायच्या वस्तू मात्र लांबूनच बघायच्या, मी हात धरून ठेवीन.

येत्या रविवारी गडकरीला दुपारी चारचा प्रयोग आहे. दोन तिकिटं काढली आहेत. तीनला तलावपाळीवर ये, येताना भाड्याच्या कराराची झेरॉक्स आण आणि कार्डाची बाकी शून्य झाल्याचा मेसेज दाखव. तिकिटाचे पैसे द्यायचा प्रयत्न करू नकोस, आधी पगार वाढू दे.

तुझी
मावशी

ता. क. बाबांनी निवृत्तीचे पैसे सांगलीतल्या एका पतसंस्थेत ठेवायचं मनात घेतलंय, बँकेपेक्षा दोन टक्के जास्त मिळतात म्हणून. बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचं संरक्षण असतं, सहकारी बँकेतल्याही. पतसंस्थेला ते नाही. मी सांगितलं तर त्यांना राग येईल, तू सांग. आणि आईला क्रेडिट कार्डाचं इतक्यात काही बोलू नकोस, फिटलं की मीच सांगेन.