वाचकांचे प्रश्न : वर्षभराचा वाचनसंकल्प

प्रश्न : यंदा वर्षभरात चोवीस मराठी पुस्तके, निम्मी जुनी आणि निम्मी अलीकडची, वाचण्याचा माझा संकल्प आहे. गेल्या वर्षी असाच संकल्प केला होता, पण हरिभाऊ आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीपाशी मार्चमध्येच तो अडला. या वेळी काय करावे?

उत्तर : चोवीस हा आकडा आधी बारावर आणा, नोकरी-संसार सांभाळून महिन्याला एक पुस्तक पुष्कळ झाले. हरिभाऊंपाशी अडलात यात तुमचा फारसा दोष नाही, कारण ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः प्रसिद्ध झाली होती आणि जे तेव्हाच्या वाचकांनी आठवड्याआठवड्याने, वाट पाहत वाचले, ते आपण आठ दिवसांत संपवू पाहतो. म्हणून तिची रोज दहाच पाने वाचा, हवे तर तीन महिने लावा, आणि तिच्या जोडीला एखादे आजचे पुस्तक चालू ठेवा. सुरुवात मात्र विश्राम बेडेकर यांच्या ‘रणांगण’ने (१९३९) करावी, ती आटोपशीर आहे आणि युद्धाच्या सावटाखालील बोटीवरची ती प्रेमकथा अजूनही जुनी वाटत नाही. त्यानंतर ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र घ्या. लक्ष्मीबाई टिळकांची बोली भाषा इतकी जिवंत आहे की ‘अभिजात’ या शब्दाचा धाकच उरत नाही. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) ही कादंबरी यादीत कुठेही बसवा, पण पन्नास पानांआत मत बनवू नका. वाचलेल्या पुस्तकांची नोंद वहीत जरूर करावी. पानांचा हिशेब मात्र ठेवू नये.