वाचक विचारतात : ब्रुनोला वर ठेवा, मधे तिसरा माणूस द्या

मागच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबचं दुखणं मधल्या फळीत (मिडफिल्डमध्ये) आहे आणि ब्रुनो फर्नांडिसला खाली, म्हणजे डिफेन्ससमोरच्या मधल्या दोघांत खेळवणं मला पटलेलं नाही. त्यावर भुसावळपासून शिरपूरपर्यंत इतकी पत्रं आलीत की या वेळी सगळा कॉलम मिडफिल्डलाच देतोय.

प्रश्न : सर, आमचा भुसावळला आठ-दहा जणांचा युनायटेडवाल्यांचा ग्रुप आहे, बहुतेक सगळे रेल्वेत, शिफ्ट सांभाळून मॅच बघतो. तुमचा लेख वाचून चहाच्या टपरीवर जाम वाजलं. अर्धे जण म्हणतात ब्रुनोसारखा पास टीममध्ये कोणाकडेच नाही, मग तो खालीच बरा, बॉल जास्त वेळा त्याच्या पायात येईल. आणि युनायटेडचा जुना पॉल स्कोल्सपण नंतर खालीच आला होता ना? मग ब्रुनोनं काय घोडं मारलंय?

उत्तर : भाऊ, तुमच्या मित्रांचा मुद्दा हलका नाहीये. चांगला पास देणाऱ्याकडे बॉल जास्त जावा हे कोणालाही पटेल. पण बॉल जवळ असतानाचा हा अर्धाच हिशोब झाला, बॉल गेल्यावर काय होतं ते कोणी बघायचं?

नोव्हेंबर 2024 मध्ये रुबेन अमोरिम कोच म्हणून आला (जानेवारी 2026 मध्ये गेला) आणि त्यानं 3-4-2-1 आणलं. मागे तिघं, मधे चौघं, पुढच्याच्या पाठीशी दोघं. आता हे मधले चार ऐकायला भरपूर वाटतात, पण त्यातले दोन विंगबॅक, ते पार लाइनला चिकटलेले, म्हणजे खऱ्या मधल्या जागेत उरले दोघंच. समोरची टीम तिथे तीन माणसं ठेवते. एक जण बॉलवर धावला, दुसऱ्यानं त्याची जागा झाकली, की तिसरा मोकळा. तो आरामात वळतो आणि सरळ डिफेन्सवर चालून येतो, आणि सेंटर बॅकला, म्हणजे मधल्या डिफेंडरला, कळत नाही पुढे जाऊ की मागे थांबू. हे आपण सगळ्यांनी इतक्यांदा बघितलंय की डोळे मिटले तरी दिसतं. 2024-25 ला युनायटेड प्रीमियर लीगमध्ये 15वी आली, 42 पॉइंट, आणि वर बिलबाओला युरोपा लीगची फायनल टॉटनहॅमकडून 1-0 नं घालवली. सगळं खापर मिडफिल्डवर फोडत नाही मी, 38 मॅचमध्ये 44च गोल झाले होते, पुढचेही कमी पडलेच. पण 2025 च्या उन्हाळ्यात कुन्या, म्बेमो, शेश्को असे तीन पुढचे घेतले आणि मधला एकही नाही घेतला, तेव्हा मला खरंच वाईट वाटलं होतं, कारण पुढचा सीझन कसा जाणार ते तिथेच दिसत होतं.

आता ब्रुनो. तो अवघड पास देतो, आणि म्हणूनच तो ब्रुनो आहे. समजा असे दहा पास दिले, चार चुकले, एकावर गोल झाला, तर दहा नंबरच्या, म्हणजे पुढच्याच्या पाठीमागच्या जागेवर हा सौदा फायद्याचाच, कारण चुकला तरी बॉलच्या मागे आपली सहा-सात माणसं उभी असतात. तोच पास त्यानं खालच्या दोघांतला एक म्हणून दिला आणि चुकला, तर मागे उरायचे तीन डिफेंडर आणि शेजारी तिशी ओलांडलेला कासेमिरो. कासेमिरोची समज तेव्हाही पहिल्या दर्जाची होती, पण एवढी मोकळी जागा एकट्यानं झाकायला पाय लागतात. बरं, ब्रुनोला सांगितलं बाबा जपून खेळ, सोपा पास दे, तर मग तो कशाला हवाय तिथे?

स्कोल्सचं म्हणाल तर तो खाली आला हे खरं, सुरुवातीला तर पुढेच खेळायचा. पण त्याचा बॉल सहसा जायचा नाही, आणि शेजारी मायकल कॅरिक असायचा, ज्याला कधी थांबायचं हे बरोब्बर कळायचं. 2008 ची मॉस्कोची चॅम्पियन्स लीग फायनल आठवा, चेल्सीविरुद्ध, पेनल्टीवर जिंकलो ती. कागदावर 4-4-2, मधे स्कोल्स आणि कॅरिक. पण उजवीकडे कोण होता? ओवेन हारग्रीव्हज. मुळातला मधला, अडवणारा, पळणारा. म्हणजे लिहिलेले दोन, पण गरज पडली की तिसरा आत यायला तयार. तेव्हाचा कोच फर्ग्युसननं स्कोल्सला एकटं सोडलेलं नव्हतं. ब्रुनोला खाली खेळवताना ही सोय कोणी केलीच नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. मागे चार, ब्रुनो वर, आणि त्याच्या मागे दोघं, एक जागा धरणारा, एक पळणारा. कोबी मेनूवर माझा जीव आहे. 2024 च्या एफए कप फायनलला मँचेस्टर सिटीविरुद्ध 19 वर्षांच्या त्या पोरानं गोल केला, त्याच उन्हाळ्यात युरोची फायनल खेळला. अंगाला माणूस चिकटलेला असताना पाठीमागून आलेला बॉल घेऊन वळायचं, ही गोष्ट युनायटेडमध्ये त्याच्याइतकी सहज कोणालाच येत नाही, आणि असा पोरगा अमोरिमच्या काळात बेंचवर बसलेला बघवत नव्हता.

पुढच्या मॅचला ग्रुपमधल्या एकाला कामच द्या : त्यानं बॉल बघायचा नाही. युनायटेडचा बॉल गेला रे गेला की मधल्या दोघांमध्ये आणि त्यांच्यापासून डिफेन्सपर्यंत किती अंतर आहे तेवढंच बघायचं. आमच्या लहानपणी रेल्वेच्या ग्राउंडवर एक म्हातारे बाबा रोज संध्याकाळी टच लाइनला येऊन बसायचे, आणि आम्ही सगळे बॉलमागे धावलो की तिथून ओरडायचे, “आरे भो, बॉलले नको देख, मानोसले देख!” ते बाबा कधी क्लबला खेळले होते का नव्हते, मला माहीत नाही, पण मिडफिल्ड मला त्यांनी शिकवलं.

प्रश्न : 4-3-3 आणि 4-2-3-1 मध्ये नेमका फरक काय? टीव्हीवर मला दोन्ही सारखेच दिसतात. (अमळनेर)

उत्तर : बऱ्याचदा असतातही सारखेच. मधल्या तिघांचा त्रिकोण समजा. त्याचं टोक खाली असलं, म्हणजे एक मागे आणि दोन पुढे, तर 4-3-3. टोक वर केलं, दोन मागे आणि एक पुढे, की 4-2-3-1. 2009 आणि 2011 ला चॅम्पियन्स लीग जिंकलेली बार्सिलोना घ्या, मागे एकटा बुस्केट्स, पुढे चावी आणि इनिएस्ता. तेच तिघं 2010 चा वर्ल्ड कप जिंकलेल्या स्पेनमध्ये बघा, तिथे बुस्केट्सच्या शेजारी चाबी अलोन्सो, चावी वर सरकला, इनिएस्ता बाजूला गेला. माणसं तीच, त्रिकोण उलटा.

खाली एकच माणूस ठेवायचा तर तो तसा तगडा हवा. सिटीचा रोद्री सप्टेंबर 2024 मध्ये गुडघ्याच्या दुखापतीनं बाहेर गेला, पुढच्याच महिन्यात त्याला बॅलन डी’ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, मिळाला, आणि सलग चार वर्षं चॅम्पियन असलेली सिटी त्या सीझनला तिसरी आली.

प्रश्न : जुने लोक मागच्या खेळाडूला ‘सेंटर हाफ’ का म्हणतात? हाफ तर मधला ना? (धुळे)

उत्तर : मधलाच होता! पूर्वी 2-3-5 खेळायचे, मागे दोन फुलबॅक, मधे तीन हाफबॅक, पुढे पाच. त्या तिघांतला मधला तो सेंटर हाफ. 1925 ला ऑफसाइडचा नियम बदलला, पुढच्याच्या समोर तीनऐवजी दोनच विरोधी खेळाडू असले तरी चालायला लागलं, गोल धडाधड व्हायला लागले, मग आर्सेनलच्या हर्बर्ट चॅपमननं सेंटर हाफला ओढून दोन फुलबॅकच्या मधे उभं केलं. माणूस मागे गेला, नाव तेच राहिलं. अर्जेंटिनात मात्र हा सेंटर हाफ, म्हणजे पाच नंबर, मधेच राहिला, तिकडे आजही पाच म्हटलं की मधला माणूस.

प्रश्न : मी शाळेत पीटी शिकवतो. आमची पोरं 4-3-3 खेळतात, पहिला हाफ मस्त, पण मार्चनंतरच्या मॅचला दुसऱ्या हाफात मधले तिघं अक्षरशः उभे राहतात आणि आम्ही गोल खातो. स्टॅमिना वाढवू की फॉर्मेशन बदलू? (शिरपूर)

उत्तर : सर, आधी फॉर्मेशन. आपल्याकडे पारा चाळीसच्या वर जातो, आणि तेव्हा मधल्या तिघांना सगळी रुंदी झाकायला लावायची म्हणजे त्यांच्यावर अन्याय आहे, त्यात त्या पोरांची काही चूक नाही. 4-4-2 करून बघा, पण अरुंद. म्हणजे बाजूचे दोघं लाइनवर नाही, आत. बॉल समोरच्यांकडे असला की पुढच्या दोघांनीही सेंटर सर्कलपर्यंत मागे यायचं. सगळ्यात पुढचा आणि सगळ्यात मागचा यांच्यात तीस-पस्तीस पावलांपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नाही, सरावाला चुना टाकून ते आखून द्या, सांगण्यापेक्षा दिसलेलं पोरांना लवकर कळतं.

2015-16 ला लेस्टर असंच खेळून इंग्लंडची चॅम्पियन झाली. मधे कान्ते आणि ड्रिंकवॉटर दोघंच, बॉल जवळ ठेवायचा हट्टच नाही, टीम गोळा होऊन उभी, आणि बॉल मिळाला की पुढच्या वार्डीसाठी लांब पुढे. कान्तेसारखं पळणारं पोरगं तुमच्याकडे नसेल तर टीम अजून दोन पावलं मागे घ्या.

आणि सतत धावून प्रेस करणं, म्हणजे बॉलवाल्याच्या अंगावर जाणं, बंद. समोरच्यानं बॉल घेताना पाठ आपल्याकडे केलेली असेल, किंवा बॉल नीट न अडता उडाला असेल, तेव्हाच तुटून पडायचं, एरवी जागा धरायची. पाण्यासाठी आयोजकांकडे ब्रेक मागाच, सर, लाजू नका. 2014 च्या ब्राझीलच्या वर्ल्ड कपला मोठमोठ्या खेळाडूंना उन्हामुळे मॅच थांबवून पाणी दिलंय, मग आपल्या तेरा-चौदा वर्षांच्या पोरांना का नाही? जमलं तर मॅच सकाळी सातला घ्या. स्टॅमिना वाढेलच, पण तो पावसाळ्यात आणि थंडीत कमवायचा, उन्हात नाही.

प्रश्न : मी नववीत आहे, सहा नंबरला, म्हणजे मधे डिफेन्सच्या समोर खेळतो. बॉल आला की घाबरतो, मागून कोणीतरी येऊन घेऊन जातं. सर म्हणतात तू बारीक आहेस म्हणून. बॅक खेळू का? (जळगाव)

उत्तर : नको रे बाळा, एवढ्यात जागा सोडू नको. बारीक असणं हे कारण नाहीये, चावी पाच फूट सात इंचांचा होता आणि वर्षानुवर्षं त्याच्याकडून बॉल काढणं भल्याभल्यांना जमलं नाही. तुझा घोळ वेगळा आहे. बॉल यायला लागला की तू बॉलकडेच बघत राहत असशील, म्हणून मागचा माणूस तुला अंगावर आल्यावरच कळतो. चावी किंवा लॅम्पार्डचे जुने व्हिडिओ लाव आणि बॉल त्यांच्याकडे नसतानाची त्यांची मान बघ, उजवा खांदा, डावा खांदा, परत उजवा, सारखी फिरतेय.

मग हे कर. एका मित्राला समोर दहा पावलांवर बॉल घेऊन उभं कर, दुसऱ्याला तुझ्या पाठीमागे. समोरच्यानं पास मारला की मागच्यानं हात वर करून बोटं दाखवायची, दोन, चार, कितीही. बॉल तुझ्या पायाला लागायच्या आत तू मागे बघून आकडा मोठ्यानं सांगायचा आणि मगच बॉल अडवायचा. सुरुवातीला बॉल पायाखालून जाईल, जाऊ दे, वाईट वाटून घेऊ नको. जमायला लागलं की मागच्या मित्राला जागा बदलायला सांग, कधी डावीकडे कधी उजवीकडे, आणि तो ज्या बाजूला असेल त्याच्या उलट्या बाजूला पहिल्याच टचमध्ये बॉल काढायचा. रोज वीस मिनिटं, दोन आठवडे, आणि मग मॅच खेळून मला परत पत्र लिही, बॉल यायच्या आधी मागचा माणूस तुला किती वेळा दिसला ते कळव.