वाचकांचे प्रश्न : २०२४ मधील अल्टरनेटिव्ह आणि इंडी रॉक

२०२४ या वर्षातील अल्टरनेटिव्ह आणि इंडी रॉक (मोठ्या कंपन्यांच्या मुख्य प्रवाहापासून दूर, स्वतंत्रपणे केले जाणारे रॉक संगीत) अल्बमविषयी वाचकांनी पाठविलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून प्रश्नकर्त्यांची केवळ गावे दिली आहेत.

प्रश्न (फोंडा) : वर्ष संपता संपता परदेशी नियतकालिके पन्नास-पन्नास, शंभर-शंभर अल्बमच्या याद्या छापतात. त्या वाचून नेमके काय ऐकावे हे कळत नाही. आपले आवडते मोजके अल्बम कारणांसह सांगाल का?

उत्तर : शंभर अल्बमच्या यादीत कोणालाही नाराज न करण्याची सोय असते, म्हणून ती वाचून हाती काही लागत नाही. माझी कसोटी एकच आहे. गाणी सुटी ऐकून जे मिळत नाही, ते अल्बम दिलेल्या क्रमाने सलग ऐकल्यावर मिळते का, एवढेच मी पाहतो.

या कसोटीवर पहिला क्रमांक मी बेलाशक सिंडी ली यांच्या ‘डायमंड ज्युबिली’ला देतो. कॅनडातील कॅल्गरी शहराच्या ‘विमेन’ या बँडमध्ये पूर्वी गाणारे पॅट्रिक फ्लेगेल हे या नावाने आणि स्त्रीवेषात गातात. ज्यांच्या आजोबांनी बालगंधर्वांना डोळे भरून पाहिले, त्या वाचकांना याचे नवल वाटण्याचे कारण नाही. २९ मार्च रोजी हा अल्बम आला तो कोणत्याही मोठ्या ॲपवर नव्हे. यूट्यूबवर दोन तासांहून थोडी मोठी एकच सलग फीत आणि मुद्दाम जुनाट दिसणाऱ्या एका संकेतस्थळावरून उतरवून घेण्याची सोय, एवढाच मार्ग होता, आणि त्यासाठी ऐच्छिक मोबदला सुचविला होता तीस कॅनेडियन डॉलर. यात बत्तीस गाणी आहेत. साठच्या दशकातील अमेरिकी गायिकांच्या गटांच्या गोड चाली आणि त्यांच्याखाली किंचित बेसूर, घासत जाणारी गिटार असा त्यांचा बाज आहे, आणि मध्यरात्री मिडियम वेव्हवर दूरचे एखादे केंद्र अवचित लागावे तसा आवाज येतो. बत्तीसपैकी पाच-सहा गाणी सहज गाळता आली असती, असे पहिल्यांदा ऐकताना वाटते. नंतर मात्र लक्षात येते की ‘इफ यू हिअर मी क्रायिंग’सारखे गाणे मनात घर करते ते आजूबाजूच्या या पसाऱ्यामुळेच. गाळलेल्या आवृत्तीत ते नुसते एक बरे गाणे ठरले असते.

डब्लिनच्या ‘फाँटेन्स डी. सी.’ या बँडचा ‘रोमान्स’ (२३ ऑगस्ट) याच्या अगदी उलट, आटोपशीर अल्बम आहे. आधीच्या तीन अल्बमचे प्रोड्यूसर डॅन केरी होते. या चौथ्या अल्बमसाठी बँडने जेम्स फोर्ड यांच्याबरोबर काम केले आणि आवाजाचा सारा नूर बदलला. ‘स्टारबर्स्टर’ हे गाणे लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकावर गायक ग्रिअन चॅटन यांना आलेल्या पॅनिक अटॅकमधून सुचले. त्याच्या ध्रुवपदात ते जोराने श्वास ओढतात आणि तो श्वासच तालाचा एक भाग होतो. हेडफोनवर ऐकताना आपलाही श्वास क्षणभर अडकतो. असा प्रयोग एका गाण्यात शोभतो, दुसऱ्यात केला असता तर ती चलाखी झाली असती. बँडने तो दुसऱ्यात केलेला नाही. एवढ्या धापेनंतर अल्बमच्या अखेरीस ‘फेव्हरिट’ हे मोकळे, लखलखीत गिटारचे गाणे येते, आणि ते शेवटी आहे म्हणूनच त्याचा मोकळेपणा जाणवतो.

तिसऱ्या जागी मी दोन अल्बम एकत्र ठेवतो, कारण त्यांना जोडणारा माणूस एकच आहे. ‘वॉक्सहॅची’ या नावाने गाणाऱ्या केटी क्रचफिल्ड यांच्या ‘टायगर्स ब्लड’मध्ये (२२ मार्च) एम. जे. लेंडरमन यांची साथ आहे. त्यातील ‘राइट बॅक टू इट’ या गाण्याच्या ध्रुवपदात लेंडरमन त्यांच्याबरोबर गातात आणि मागे बँजो संथपणे चालू राहतो. नात्यात दुरावा येऊन माणसे पुन्हा जवळ येतात हा विषय त्या दोन आवाजांच्या अंतरातूनच कळतो. लेंडरमन यांचा स्वतःचा ‘मॅनिंग फायरवर्क्स’ सप्टेंबरमध्ये आला. त्यात फुशारकी मारणाऱ्या आणि आतून पार खचलेल्या पुरुषांची चित्रे आहेत, आणि ती रंगवताना लेंडरमन त्यांना हसतात की त्यांची कीव करतात हे शेवटपर्यंत स्पष्ट होत नाही. ‘बार्क ॲट द मून’ हे अखेरचे गाणे शब्द संपल्यावर कित्येक मिनिटे एका घुमत्या नादावर रेंगाळते. बरेच श्रोते तिथे बंद करतात. करू नये.

लीड्सच्या ‘इंग्लिश टीचर’ या बँडचा ‘धिस कुड बी टेक्सास’ हा पहिलाच अल्बम. त्याला ब्रिटन-आयर्लंडमधील वर्षाच्या उत्कृष्ट अल्बमसाठीचा मर्क्युरी पुरस्कार मिळाला, आणि लंडनबाहेरच्या कलावंतांना तो मिळण्याची २०१४ नंतरची ही पहिलीच वेळ. त्यातील ‘द वर्ल्ड्स बिगेस्ट पेव्हिंग स्लॅब’ हे गाणे लँकेशायरमधील एका लहान गावाचा अभिमान आणि कंटाळा एकाच दमात सांगते. आमचीच जत्रा मोठी म्हणून शेजारच्या गावाशी वाद घालणाऱ्याला ते समजावून सांगावे लागणार नाही.

प्रश्न (म्हापसा) : आमच्या पिढीने रेमो फर्नांडिस यांच्या कॅसेट विकत घेऊन ऐकल्या. आजची मुले ज्याला इंडी म्हणतात, ते त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी केलेच नव्हते का?

उत्तर : केलेच होते, आणि आजच्यापेक्षा कठीण परिस्थितीत केले होते. १९८४ च्या ‘गोअन क्रेझी’चे ध्वनिमुद्रण त्यांनी शिवोलीच्या घरी चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर केले, वाद्येही स्वतःच वाजविली, आणि तयार कॅसेट स्कूटरवरून दुकानोदुकानी पोहोचविल्या. चार ट्रॅकचे यंत्र म्हणजे काय, हे आजच्या वाचकांसाठी सांगणे आवश्यक आहे. त्याच्या फितीवर आवाज वेगवेगळे नोंदविण्यासाठी चारच समांतर पट्ट्या, म्हणजे ट्रॅक, असतात. ड्रम, बास आणि गिटार यांनी तीन ट्रॅक भरले की ते तिन्ही चौथ्यावर एकत्र उतरवायचे, म्हणजे तीन ट्रॅक गायनासाठी आणि उरलेल्या वाद्यांसाठी मोकळे होतात. एकदा असे उतरवून मूळ ट्रॅकवर नवे मुद्रण केले की ड्रमचा आवाज वाढवायचा म्हटले तरी वाढविता येत नाही, शिवाय प्रत्येक उतरवणीला फितीची खरखर वाढते. त्यामुळे पुढे काय येणार आहे हे ठरवूनच पहिला सूर वाजवावा लागत असे. ‘डायमंड ज्युबिली’च्या आवाजात जी खरखर आज रसिक कौतुकाने ऐकतात, ती त्या काळी नाइलाजाची होती. पुढे रेमो यांच्याकडे मोठ्या रेकॉर्ड कंपन्या आणि हिंदी चित्रपट आले, म्हणून ही सुरुवात विसरण्याचे कारण नाही. इंग्रजी रॉक स्वतःच्या घरी, स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या गावाविषयी करणारे त्या काळी भारतात फारच थोडे होते.

प्रश्न (म्हार्दोळ) : मी शास्त्रीय संगीताचा श्रोता आहे. मुलाच्या आग्रहाखातर हे संगीत ऐकू पाहतो, पण तीन मिनिटांत सारे संपते आणि गोंगाट तेवढा कानात राहतो. मला रुचेल असे यंदा काही आले आहे का?

उत्तर : आपण ‘द क्युअर’ या बँडच्या ‘सॉन्ग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’पासून आरंभ करावा. २००८ नंतर तब्बल सोळा वर्षांनी, १ नोव्हेंबरला आलेल्या या अल्बममध्ये आठच गाणी आहेत आणि कोणालाच घाई नाही. ‘अलोन’ या पहिल्या गाण्यात तीन मिनिटे उलटून जातात तरी गायक रॉबर्ट स्मिथ तोंड उघडत नाहीत. जड, संथ ड्रम आणि कीबोर्डचा विस्तीर्ण पट यांवर एकच स्वरवाक्य फिरून फिरून येते, दर आवर्तनाला त्यात एखादा थर वाढतो, आणि आवाज येतो तेव्हा तो येणारच होता असे वाटते. अखेरच्या ‘एंडसाँग’मध्ये तर गायनाला सहा मिनिटांनंतर सुरुवात होते. याला ख्याल म्हणणे धाडसाचे होईल, कारण येथे रागाची बढत नाही आणि वादन आधी ठरवून बांधलेले आहे. परंतु विलंबित लयीत बसण्याची सवय असलेल्या श्रोत्याला हा अल्बम तरुण रॉकप्रेमींपेक्षा लवकर उलगडेल, असे मला खात्रीने वाटते. ‘आय कॅन नेव्हर से गुडबाय’ हे गाणे स्मिथ यांच्या थोरल्या भावाच्या मृत्यूविषयी आहे. त्यात पियानोवर मोजकेच स्वर आहेत आणि शोकाचे प्रदर्शन नाही.

त्यानंतर नायजर देशातील तुआरेग (सहारा वाळवंटातील एक समाज) गिटारवादक मदू मोक्तार यांचा ‘फ्युनरल फॉर जस्टिस’ घ्यावा. हे डावखुरे वादक आहेत. त्यांनी आपली पहिली गिटार सायकलच्या ब्रेकच्या तारा लावून बनविली होती. अल्बम आवाजी आहे, हे आधीच सांगून ठेवतो. परंतु त्यांच्या गिटारमधील मुरक्या आणि एका स्वराभोवती घोटाळत राहण्याची रीत आपल्या कानाला परकी वाटणार नाही.

प्रश्न (मडगाव) : भारतीय बँडपैकी यंदा कोणाचा अल्बम या पंक्तीत बसेल?

उत्तर : दिल्लीच्या ‘पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी’चा ‘बीटा’. २०१९ च्या ‘बिस्मिल्ला’नंतर पाच वर्षांनी तो ऑगस्टमध्ये आला. गायक सूर्यकांत साहनी यांचा गळा जुन्या क्लबगायकांच्या घराण्यातला, भारदस्त आणि थोडा आळसावलेला आहे. त्यामागे ट्रम्पेट आणि ठेक्यात मिसळलेली लग्नाच्या वरातीची चाल ऐकू येते. मडगावच्या परिसरातील श्रोत्याला या आवाजाची ओळख असण्याला कारण आहे. चर्चच्या शाळांत पाश्चात्त्य स्वरलेखन शिकून मुंबईला गेलेल्या गोव्याच्या वादकांनीच तेथील हॉटेलांतले जॅझ बँड आणि चित्रपटांचे वाद्यवृंद उभे केले होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस आणि मडगावच्याच बोर्डा भागातले ख्रिस पेरी ही त्यांतील दोन नावे. ‘बीटा’मधील काही गाण्यांत तोच काळ दिल्लीच्या वाटेने परत आल्यासारखा वाटतो. शब्द बहुतांशी इंग्रजी आहेत आणि अनेकदा अस्पष्ट उच्चारलेले आहेत. हा दोष आहे, पण मी तो माफ करतो.

प्रश्न (पणजी) : स्टीव्ह अल्बिनी यांच्या निधनानंतर एवढे लिहिले गेले. ते गायक म्हणून तर फारसे प्रसिद्ध नव्हते. त्यांचे महत्त्व कशात होते?

उत्तर : ७ मे रोजी, वयाच्या ६१ व्या वर्षी ते गेले. ‘पिक्सीज’चा ‘सर्फर रोझा’ (१९८८) आणि ‘निर्वाणा’चा ‘इन युटेरो’ (१९९३) यांचे ध्वनिमुद्रण त्यांचे. विक्रीवर टक्केवारी घेणे त्यांना गैर वाटे. नळ दुरुस्त करणाऱ्या प्लंबरला जशी कामाची मजुरी एकदाच मिळते तशीच आपल्याला मिळावी, असे त्यांनी ‘निर्वाणा’ला पत्रातून लेखी कळविले होते. त्या अल्बमच्या लाखो प्रती खपल्या आणि त्यांनी त्यातील एक पैसा मागितला नाही. मुद्रणातही त्यांचे तेच धोरण होते. माइक कुठे ठेवायचा याचा विचार ते तासन्तास करीत, आणि बँड जसा वाजतो तसा टिपून बाजूला होत. खोलीचा नैसर्गिक घुमारा ऐकू येणारे ड्रम ही त्यांची खूण.

त्यांच्या निधनानंतर दहाच दिवसांनी त्यांच्या ‘शेलॅक’ या बँडचा ‘टू ऑल ट्रेन्स’ प्रसिद्ध झाला. परंतु त्यांना समजून घ्यायचे असेल तर मी २२ नोव्हेंबरला आलेला किम डील यांचा ‘नोबडी लव्ह्ज यू मोअर’ ऐका असे सांगेन. ‘पिक्सीज’ आणि ‘ब्रीडर्स’मध्ये इतकी वर्षे काढलेल्या या बाईंनी स्वतःच्या नावावर काढलेला हा पहिला अल्बम आहे आणि त्यातील काही मुद्रण अल्बिनी यांचे आहे. त्यात ‘आर यू माइन?’ नावाचे गाणे आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या आईने घरात समोर आलेल्या मुलीला ‘तू माझी का?’ असे विचारले, त्यावरून ते लिहिले गेले. ते ऐकताना शब्द प्रियकराला उद्देशून आहेत असेच वाटते, आणि बाईंनी ते तसेच राहू दिले आहे.

प्रश्न (साखळी) : ज्याची सर्वत्र स्तुती झाली पण आपल्याला आवडला नाही, असा एखादा अल्बम?

उत्तर : ‘द लास्ट डिनर पार्टी’ या बँडचा ‘प्रिल्यूड टू एक्स्टसी’. वादन तयारीचे आहे, गायिकेचा आवाजही दमदार आहे. मात्र प्रत्येक गाण्याला मखर घालण्याचा सोस इतका, की मूर्ती कोणती हे विचारावे लागते. ब्रिटनमध्ये तो पहिल्या क्रमांकावर गेला, तेव्हा माझ्या मताने त्यांचे काही बिघडलेले नाही.

प्रश्न (पेडणे) : ‘द क्युअर’चा नवा अल्बम तबकडीवर मागविला आहे. आमच्या घराच्या भिंती चिऱ्याच्या आहेत आणि पावसाळ्यात पुस्तकांनाही बुरशी येते. तबकडी टिकेल का?

उत्तर : तबकडी टिकेल, तिचे वेष्टन जपावे लागेल. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नये, हात जाईल एवढी फट ठेवावी. तबकड्या उभ्या लावाव्यात, एकमेकींवर आडव्या रचू नयेत. आतले कागदी पाकीट दमट हवेत ओल धरते, म्हणून त्याऐवजी आतून पॉलिथीन असलेले पाकीट वापरावे आणि बाहेरच्या प्लॅस्टिक आवरणाचे तोंड उघडे ठेवावे, कारण बंद आवरणात ओल कोंडते. सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्यास त्या मधूनमधून तापवून कोरड्या कराव्या लागतात, एरवी त्यांचा उपयोग नाही. बुरशी आलीच तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या सौम्य द्रवाचे थेंबभर मिश्रण करून मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने पुसावे आणि साध्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा धुवावे. घरात आजोबांच्या वेळच्या नाट्यसंगीताच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या असतील तर त्यांना बाजारातला अल्कोहोलयुक्त क्लीनर लावू नये. त्या लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते.