वाचकांचे प्रश्न : माळ्यावरचा टर्नटेबल आणि आजचा स्पीकर

प्रश्न : घराची आवराआवर करताना वडिलांनी १९७८ साली घेतलेला टर्नटेबल, स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन मोठे लाकडी स्पीकर माळ्यावरून खाली काढले. वीस वर्षांनी ते लावले, तर आवाज बारीक व पातळ येतो, मागे सतत घरघर असते आणि गायकाची पट्टी चढी वाटते. अ‍ॅम्प्लिफायरचे रेकॉर्डसाठीचे इनपुट एका बाजूने बंद असल्यामुळे टर्नटेबल मी ‘ऑक्स’ या इतर यंत्रांसाठीच्या साध्या इनपुटमध्ये जोडला आहे. मुलाचा छोटा ब्लूटूथ स्पीकर याहून सरस वाटतो. जाणकार मित्र मात्र जुन्या आवाजाची सर नव्याला नाही, असे ठामपणे सांगतात. हे सारे दुरुस्त करावे की जुन्या बाजारात देऊन टाकावे?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : कृपया देऊन टाकू नका. वीस वर्षे पडून राहिलेले यंत्र न तपासता लावले, तर त्यावरून जुन्या आवाजाविषयी कोणतेच मत बनवता येत नाही. आपल्या तिन्ही तक्रारींची कारणे वेगळी आहेत आणि तिन्ही दूर होण्याजोगी आहेत.

पातळ आवाजाचे कारण आपल्या पत्रातच आहे. रेकॉर्डवर खर्जाचे स्वर जसेच्या तसे कोरले, तर खाच इतकी रुंद होते की एका बाजूवर फार थोडे संगीत मावते. म्हणून कोरताना खर्ज दाबतात आणि सुईची खरखर झाकली जावी यासाठी वरचे स्वर उचलतात. १९५४ पासून रूढ झालेल्या प्रमाणानुसार ही उलथापालथ २० हर्ट्झला आणि २० हजार हर्ट्झला प्रत्येकी सुमारे २० डेसिबलची असते. रेकॉर्डसाठीचे इनपुट ती पुन्हा सरळ करते आणि सुई बसवलेल्या चुंबकीय कार्ट्रिजमधून येणारा जेमतेम पाच मिलिव्होल्टचा संकेत मोठाही करते. ‘ऑक्स’मध्ये यातले काहीच घडत नाही. बंद बाजू दुरुस्त होईपर्यंत हेच काम करणारा, बाजारात मिळणारा स्वतंत्र फोनो प्रीअ‍ॅम्प मध्ये जोडला, तरी खर्ज लगेच परत येईल.

घरघर बहुधा दोन ठिकाणांहून येते : टर्नटेबलची अर्थची बारीक तार अ‍ॅम्प्लिफायरच्या स्क्रूला जोडायची राहिलेली असते, किंवा वीजपुरवठ्याच्या भागातले कंडेन्सर सुकलेले असतात. तार आपण तपासू शकता. कंडेन्सरसाठी मात्र यंत्र स्वतः उघडू नका, कारण प्लग काढल्यावरही त्यांच्यात विद्युतभार शिल्लक राहू शकतो. बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत सुटे भाग मिळतात. जुनी यंत्रे हाताळलेला कारागीर मात्र विचारपूस करून शोधावा. तो पहिल्यांदा वीज देताना मध्ये सिरीजमध्ये बल्ब लावतो का, हे पाहा. आत शॉर्ट असेल तर बल्ब प्रखर पेटतो आणि यंत्र वाचते. जो थेट प्लग लावून बघतो, त्याच्या हाती वडिलांची ठेव देऊ नये.

चढी पट्टी म्हणजे तबकडी वेगाने फिरते आहे. वेगात सुमारे सहा टक्के फरक पडला की स्वर अर्ध्या सुराने सरकतो, म्हणजे काळी एकचा गायक पांढरी दोनमध्ये गाऊ लागतो. आपल्याकडील ५० हर्ट्झच्या विजेसाठी वेग तपासण्याची १८० रेघांची स्ट्रोब तबकडी मिळते. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांचा वेग अचूक असेल तर साध्या बल्बच्या उजेडात त्या रेघा स्थिर दिसतात. बऱ्याचशा एलईडी दिव्यांत ही चाचणी फसते, कारण त्यांचा उजेड विजेच्या लयीत पुरेसा लुकलुकत नाही. पट्ट्यावर चालणारा टर्नटेबल असेल, तर रबरी पट्टा बदलावाच लागेल. सुईही नवी घ्या, कारण झिजलेली सुई प्रत्येक वेळी खाच थोडी खरवडते. स्पीकरच्या पडद्याभोवतीची कडा फोमची असेल, तर बोट लावताच तिचा भुगा होईल. ती नवी बसवून घेता येते. कापडी कडा सहसा टिकते.

एवढे झाल्यावर खरी तुलना करता येईल. एकच ध्वनिमुद्रण रेकॉर्डवर आणि फोनवर लावा आणि दोन्हींचा आवाज सारखा ठेवा, कारण कान किंचित मोठ्या आवाजालाच चांगला आवाज समजतो. ‘लाउडनेस’चे बटण बंद ठेवा, हळू आवाजात आपल्याला खर्ज कमी ऐकू येतो, म्हणून ते तो वाढवते, आणि ‘जुन्या आवाजाची ऊब’ म्हणून सांगितले जाते त्यातला बराच भाग त्या बटणाचा असतो. मग गाण्याकडे दुर्लक्ष करून फक्त तानपुरा ऐका. तबकडीचा वेग डळमळत असेल किंवा मधले भोक मध्यावर नसेल, तर षड्ज हेलकावतो. डिजिटल प्रतीत खरखर काढण्याचा अतिरेक झाला असेल, तर जवारीचा झणत्कार तिच्याबरोबर पुसला जातो आणि तार बोथट वाजते. दुसरा प्रकार मला फार क्लेशदायक वाटतो, कारण असे मुद्रण ऐकून वाढणाऱ्या श्रोत्याला तो तानपुरा तसाच वाजत होता असे वाटत राहते.

आपल्या मित्रांशी मी निम्मा सहमत आहे. मोजमापात रेकॉर्ड सीडीच्या मागे आहे : १९८२ साली आलेल्या सीडीत सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर सुमारे ९६ डेसिबल मावते, रेकॉर्डवर साधारण ६० ते ७०. मात्र जी मुद्रणे डिजिटल झाली नाहीत किंवा वाईट रीतीने झाली, ती ऐकण्यासाठी रेकॉर्डला पर्याय नाही. अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांचे मात्र निराळे आहे. त्या काळचा चांगला अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीनंतर आजही उत्तम चालतो, आणि दोन मोठे स्पीकर सहा-सात फुटांवर ठेवले की गायक मध्ये आणि तबला एका बाजूला स्पष्ट जाणवतो, जे एका लहानशा डब्यातून शक्य नाही. ‘ऑक्स’ मोकळे झाल्यावर मुलाचा फोन वायरने तिथेच जोडा; नवे संगीतही त्या स्पीकरवर ऐकून पाहू द्या.

प्रश्न : आकाशवाणीवरून घरी टेप केलेल्या सुमारे शंभर कॅसेट आहेत. त्या संगणकावर कशा घ्याव्यात?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : कॅसेटवरून थेट यूएसबीत मुद्रण करणारे स्वस्त खेळणे घेऊ नका, चांगला जुना कॅसेट डेक पट्टे बदलून, टेप वाचणारे हेड स्वच्छ करून वापरा. प्रत्येक कॅसेटसाठी हेडचा कोन जुळवावा लागतो, कारण तो किंचित चुकला तरी वरचे स्वर हरवतात. टेप चालू असताना हेडशेजारचा लहान स्क्रू हलकेच फिरवून आवाज सर्वांत उघडा येईल तिथे थांबायचे. संगणकावर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट या मापाने, कोणतीही सफाई न करता मूळ प्रत जतन करा. सफाई नंतर दुसऱ्या प्रतीवर करता येईल. बुरशीची पांढरी पूड दिसणारी कॅसेट डेकमध्ये घालू नका, नाहीतर ती बाकीच्यांनाही लागेल.

प्रश्न : आजोबांच्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या) तबकड्या स्पिरिटने पुसल्या तर चालतील का?
— एक वाचक, कसबा पेठ

उत्तर : मुळीच नाही. त्या तबकड्यांत लाख असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. डिस्टिल्ड वॉटरने किंचित ओलसर केलेल्या मऊ कापडाने खाचांच्या दिशेने, लेबल न भिजवता पुसा आणि लगेच कोरड्या करा. वाजवताना ७८ची जाड सुईच लावा. एलपीची बारीक सुई खाचेच्या तळाशी जाऊन नुसती खरखर ऐकवते.