टँगोवादक ओस्वाल्दो पुग्लिएसे कोण होते? त्यांच्या रिकाम्या पियानोवर लाल फूल का ठेवत असत?

पुग्लिएसे हे टँगो या अर्जेंटिनाच्या नृत्यसंगीताचे पियानोवादक, रचनाकार आणि वृंदप्रमुख. फुलाचं आधी सांगतो. कम्युनिस्ट असल्यामुळे पुग्लिएसे तुरुंगात असले की त्यांचा वाद्यवृंद त्यांच्याशिवाय वाजवायचा आणि बंद पियानोवर एक लाल कार्नेशन ठेवलेलं असायचं. पियानोवाला कुठे आहे, हे समोरच्या प्रत्येकाला त्यावरून कळायचं. भाषण करायची गरजच नव्हती.

त्यांचा जन्म 2 डिसेंबर 1905 चा, अर्जेंटिनाची राजधानी ब्युनोस आयर्स इथल्या व्हिया क्रेस्पो या कामगारवस्तीतला. वडील चपला-बुटांच्या धंद्यात राबायचे आणि बासरी वाजवायचे. ओस्वाल्दोंनी आधी व्हायोलिन हातात घेतलं, मग पियानोवर आले. पोरवयातच कॅफेत आणि मूकपटांच्या थिएटरात वाजवून कमवायला लागले. ‘रेक्वेर्दो’ (म्हणजे ‘आठवण’) ही रचना त्यांनी विशीच्या आत केली. वय लहान म्हणून ती वडिलांच्या नावावर निघाली. 1926 मध्ये हुलिओ दे कारोंच्या वाद्यवृंदाने ती ध्वनिमुद्रित केली. आज शंभर वर्षांनीही ती जुनी वाटत नाही, हे मी मनापासून म्हणतो.

1936 मध्ये ते कम्युनिस्ट पक्षात गेले. 11 ऑगस्ट 1939 ला कॉरियेन्तेस रस्त्यावरच्या ‘एल नासिओनाल’ कॅफेत त्यांचा स्वतःचा वाद्यवृंद पहिल्यांदा बसला. इथेच त्यांचं वेगळेपण आहे. वाद्यवृंद सहकारी तत्त्वावर चालायचा. मालक आणि पगारी वादक असा प्रकार नाही. आलेले पैसे प्रत्येकाला ठरवलेल्या गुणांच्या (पॉइंट्सच्या) प्रमाणात वाटले जायचे, आणि म्होरक्याचा हिस्साही त्याच हिशेबातला. आपल्याकडच्या सहकारी संस्था पाहिलेल्या माणसाला हे लगेच कळेल. वादकांनी स्वतः रचना करायच्या, बांधणी करायची, आणि तेच साथीदार वर्षानुवर्षं टिकायचे. म्हणूनच म्होरक्या कोठडीत असतानाही वृंद उभा राहायचा. मला त्या फुलामागे हा हिशेब दिसतो.

1955 मध्ये अर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्ष पेरोन यांच्या राजवटीत ते तुरुंगात होते. पेरोन सत्तेवरून गेले तरी अटका थांबल्या नाहीत. रेडिओवर बंदी यायची ती वेगळीच.

आता संगीताबद्दल. ‘ला युम्बा’ (1946) लावा. ‘युम्बा’ हे त्या ठेक्याच्या आवाजाचंच नाव आहे, आपण तबल्याचे बोल तोंडाने म्हणतो तसं. चार मात्रा मोजा. पहिली आणि तिसरी म्हणजे ‘युम’: व्हायोलिनं आणि बँडोनियन सूर खालून ओढत आणतात आणि मात्रेवर आपटतात. (बँडोनियन म्हणजे दोन्ही हातांत धरून ताणायचं भात्याचं वाद्य, सूर आपल्या पेटीसारखाच रीडमधून निघणारा.) दुसरी आणि चौथी म्हणजे ‘बा’: तिथे पुग्लिएसेंचा डावा हात पियानोच्या अगदी तळातला सूर हळूच सोडतो. पहिल्यांदा ऐकताना तो निसटतो. कान तिकडे लावून ऐका, सगळा डोलारा त्या दबक्या सुरावर तोललेला आहे. एकल वादनाचा हव्यास नाही. पियानो आतून वृंद हाकतो. मध्येच लय इतकी सैल होते की नाचणारे जागच्या जागी थांबतात, आणि पुन्हा ‘युम’ पडला की पावलं उचलली जातात.

1968 मध्ये ओस्वाल्दो रुजिएरोंसारखे जुने खंदे वादक बाहेर पडले आणि त्यांनी ‘सेक्स्तेतो टँगो’ हा स्वतःचा वृंद काढला. साठी ओलांडलेल्या पुग्लिएसेंनी तरुण पोरं घेऊन वृंद पुन्हा बांधला.

लोक त्यांच्या मैफलीत ‘आल कोलोन!’ असं ओरडायचे, म्हणजे ‘यांना कोलोनमध्ये न्या!’ तेआत्रो कोलोन हे तिथलं भव्य ऑपेरागृह. 26 डिसेंबर 1985 ला, वयाच्या 80 व्या वर्षी, ते खरोखर तिथे वाजवायला बसले. 25 जुलै 1995 ला ते गेले. अर्जेंटिनाचे कलावंत आजही कार्यक्रमाआधी अपशकुन टळावा म्हणून त्यांचं नाव तीनदा घेतात, आणि ‘संत पुग्लिएसे’ म्हणून त्यांची तसबीर जवळ ठेवतात. आयुष्यभर कम्युनिस्ट राहिलेल्या माणसाला लोकांनी प्रेमाने संत करून टाकलं!

‘ला युम्बा’नंतर ‘रेक्वेर्दो’ची त्यांची स्वतःची 1944 ची ध्वनिमुद्रिका ऐका. शेवटाकडे बँडोनियन एकामागून एक सूर भरभर ओततात, त्या वेळी मात्र दुसरं काही काम हातात ठेवू नका.